इंग्लंड निघालं का?

"सर, इंग्लंड निघालं का?"

आमचे घरमालक मन्मथप्पा रोज सकाळी जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून हा प्रश्न विचारायचे. स्टँडवरचा माणूस "मुखेड गाडी निघाली का?" असं विचारतो, अगदी त्याच सुरात. मी वरच्या खोलीतून, तोंडात ब्रश असेल तर ब्रशसकट, "नाही आप्पा, अजून नाही," असं उत्तर द्यायचो. मग ते "लई येळ लावून राहिलं," असं पुटपुटत मोटरच्या बटणाकडे वळायचे.

हे बरीच वर्षं चाललं. त्या काळात इंग्लंडचे पंतप्रधान बदलले, निघायच्या तारखा बदलल्या, माझ्या खोलीतला पंखासुद्धा बदलला. प्रश्न तोच राहिला.

मी उदगीरला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला आलो तेव्हाची गोष्ट. आमचं गाव मुखेडच्याही आत. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे मी एम.ए. झालो म्हणजे नेमकं काय झालो हे घरी कुणाला सांगता येत नसे. उदगीरला खोली शोधायला निघालो की लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग खोली रिकामी नाही म्हणायचे. मन्मथप्पांनी आडनाव विचारलंच नाही. "काय शिकवता?" एवढंच विचारलं.

"राज्यशास्त्र."

"म्हंजे राज्य कसं चालवायचं त्ये?"

"साधारण तसंच."

"मंग ऱ्हावा. आमाला घर चालवायचं कळंना."

आणि किल्ली हातात दिली. त्या दिवसापासून मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भेटेल त्याला ते सांगत, "आमच्या वर सर ऱ्हातेत." माझ्या पदवीचा एवढा अभिमान मलाही नव्हता. त्या एका वाक्याने मला त्या गावात जागा करून दिली, हे मी कधी विसरणार नाही.

मन्मथप्पांचं मोंढ्यात बारदान्याचं दुकान. जुनी-नवी पोती घ्यायची, झटकायची, शिवायची, विकायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, भुवयांत तागाचे धागे, आणि दर दहा वाक्यांनंतर एक शिंक. पोतं हातात आलं की ते उजेडाकडे धरून आतून डोळा लावायचे. ही सवय इतकी मुरली होती की वर्तमानपत्रसुद्धा ते आधी उजेडाकडे धरत. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की शांतपणे म्हणत, "ह्या पोत्याला भोक हाय." हा त्यांचा शेवटचा निकाल. त्यावर अपील नव्हतं.

इंग्लंडचं खूळ सुरू झालं ते टीव्हीवरच्या एका बातमीने. इंग्लंडच्या जनतेने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, अशी ती बातमी होती. आप्पांनी मला खाली बोलावलं. "सर, हे कुठून भाईर पडून राहिलं?"

विषय माझा होता. मी उत्साहाने सांगायला बसलो. सामाईक बाजारपेठ, सार्वभौमत्व, ब्रसेल्सचे नियम, सगळं सांगितलं. आप्पांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दोनदा चहा दिला. आप्पांनी सगळं डोळे मिटून ऐकलं, एकदा शिंकले आणि म्हणाले, "म्हंजे वायलं निघालं."

आमच्या भागात भाऊ एकत्र घरातून वेगळा झाला, त्याने चूल वेगळी मांडली, की तो 'वायला निघाला' म्हणतात. माझं सगळं व्याख्यान त्यांनी त्या एका शब्दात बसवलं, आणि खरं सांगायचं तर ते बसलंही.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात त्यांनी ही बातमी फोडली. दुकानासमोर खाजाभाईचं गॅरेज. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. आप्पा तिथे जाऊन म्हणाले, "खाजा, ब्रेकशीट झालं की."

ब्रेक्झिट हा शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता. खाजाभाई गाडीखालून म्हणाले, "पुढचं का मागचं?"

"इंग्लंडचं."

"इंग्लंडच्या गाडीचं सामान न्हाई मिळत आप्पा. हैद्राबादहून मागवावं लागतंय."

हा घोळ मिटायला दुपार झाली. मिटल्यावर मात्र मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात रोज वाद रंगायला लागला. आप्पा इंग्लंडच्या बाजूने, खाजाभाई युरोपच्या बाजूने, आणि मी कॉलेज सुटल्यावर तिथे गेलो की पंच.

"तुमच्या इंग्लंडला अक्कल न्हाई," खाजाभाई म्हणायचे. "सत्तावीस भाई एका दस्तरखानावर बसलेत, बरकतीचं खाऊन राहिलेत, आन् ह्यो एकटा आपलं ताट उचलून चालला."

"चालंल न्हाई तर काय? ताटात काय वाढायचं त्ये थोरला ठरवणार. केळ किती वाकडं पायजे त्ये बी थोरलाच ठरवणार." केळ्यांच्या वाकडेपणाबद्दल युरोपात नियम आहे, हे मी कधीतरी सांगितलं होतं. आप्पांनी ते जपून ठेवलं होतं.

"मंग तुमी केळ सरळ खाता काय?"

"वाकडंच खातो. पर माझ्या मनानं वाकडं."

"आन् निघून करणार काय?"

"काय बी करंल. वायलं म्हंजे वायलं."

पुढे टीव्हीवर इंग्लंडच्या पंतप्रधान बाईसुद्धा जवळजवळ हेच वाक्य इंग्रजीत म्हणताना दिसल्या तेव्हा मी चकित झालो. आप्पा झाले नाहीत. "दुसरं काय म्हननार बिचारी," एवढंच म्हणाले.

हा सगळा वाद इंग्लंडबद्दल नव्हता, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. ते कळायला आमच्या घराकडे नुसतं रस्त्यावरून बघितलं तरी पुरे होतं. अर्धं घर पिस्ता रंगाचं, अर्धं निळं. मधोमध अंगणात पुरुषभर उंचीची भिंत. पिस्ता बाजूला आप्पांचे थोरले भाऊ शिवलिंगप्पा, म्हणजे आण्णा. निळ्या बाजूला आम्ही.

मी येण्याच्या थोडं आधी दोघे भाऊ वायले झाले होते, आणि कारण म्हणजे तो पिस्ता रंग. आप्पा लग्नाला बीदरला गेले असताना आण्णांनी घराला रंग देऊन टाकला. "मी आलो तर घर वळखलंच न्हाई," आप्पा सांगत. "पुढं निघून गेलो. खाजानं हाक मारली, म्हनला, आप्पा, घर मागं ऱ्हायलं." आल्यावर ते आण्णांना म्हणाले, मला विचारायचं तरी. आण्णा म्हणाले, "तुला काय इचारायचं?"

हे शब्द आण्णा आयुष्यभर म्हणत आले होते. लग्न ठरवताना, दुकान घेताना, बोर पाडताना. पण त्या दिवशी अंगणात रंगारी उभे होते. परक्या माणसांपुढे ते ऐकावं लागलं. महिन्याभरात भिंत उभी राहिली आणि आप्पांनी आपली बाजू निळी करून टाकली. इंग्लंडचा पासपोर्ट आता परत निळा होणार, ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा ते उठून अंगणात गेले, आपल्या घराकडे मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "बगा."

वाटणी नीट झाली होती. भांडी, दुकान, शेत, सगळं. एक गोष्ट मात्र कुणालाच वाटता आली नाही, ती म्हणजे बोर. बोर आण्णांच्या अंगणात, दोन्ही टाक्यांचे व्हॉल तिथेच. पण विजेचं मीटर आप्पांच्या भिंतीवर, म्हणून मोटरचं बटण आमच्या बाजूला. उदगीरात पाण्याची काय तऱ्हा असते हे उदगीरकरांना सांगायला नको. तेव्हा बोलायचं नाही हे ठरलेलं, आणि पाणी तर रोज पाहिजे. दोघा भावांनी न बोलता तोडगा काढला. सकाळी आण्णा व्हॉल फिरवायचे आणि पान्याने पाइपवर दोन ठोके द्यायचे. टण, टण. तो पाइप भिंतीखालून आमच्याकडे येत असे. आप्पा बटण दाबत. टाक्या भरल्या की पुन्हा टण, टण. आप्पा बटण बंद करत. ठोके कायम तिकडूनच यायचे. आप्पांनी उलट ठोका कधी दिला नाही. बटण दाबलं हेच उत्तर.

आयर्लंडच्या सरहद्दीचा प्रश्न, म्हणजे एकाच बेटाचा एक तुकडा संघात, दुसरा बाहेर, आणि मधे कुंपण मात्र घालता येत नाही, हा मी आप्पांना समजावायला गेलो तेव्हा दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी मला थांबवलं. "कळलं. आपला बोर." त्यानंतर आमच्या घरात बोरला आयर्लंड म्हणायला लागले. "सर, आज आयर्लंडला पानी कमी हाय, जपून वापरा," असा निरोप काकू गंभीरपणे वर पाठवायच्या.

काकूंचं परराष्ट्र धोरण वेगळंच होतं. पलीकडच्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई आणि त्या, दोघींनी ही भिंत मनावर घेतलीच नव्हती. दुपारी पुरुष मोंढ्यात गेले की भिंतीवरून डबे यायचे-जायचे. शेंगाची चटणी इकडे, ताक तिकडे. जकात नाही, तपासणी नाही. रात्री आप्पा चटणी बोटाने चाखून म्हणायचे, "आज चटणी बरी झाली."

"हाव," काकू म्हणायच्या.

"रोज अशी का न्हाई होत?"

"रोज होत नसती."

आप्पांना चव कळत नव्हती असं नाही. पोत्याचं भोक अंधारात ओळखणारा माणूस. पण ते पुढे विचारत नसत, आणि चटणी संपवत.

येळवशीलाही तसंच. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे सगळा गाव शेतात जेवायला असतो, आणि ज्याला त्याला हाताला धरून जेवायला नेतात. दोघा भावांची शेतं लागून, कडब्याच्या दोन कोपी शेजारी शेजारी. भाऊ बोलत नसले तरी पाहुणे दोन्हीकडे जेवत. मी तिकडून जेवून आलो की आप्पा मला बाजूला घेऊन विचारत, "तिकडं आंबील कशी झाली?"

"चांगली होती."

"आंबट झाली असंल."

"नाही, चांगली होती."

"हां," म्हणून ते दूर तिसरीकडेच बघत राहायचे.

एकदा संध्याकाळी ते स्वतः जिना चढून वर आले. एरवी ते वर येत नसत. मी प्रश्नपत्रिका काढत होतो. मुलांच्या पुस्तकात इंग्लंड संघाच्या सदस्यांत होतं, आणि मी वैतागून म्हणालो की इंग्लंड निघालं की हे पुस्तकही बदलावं लागणार. आप्पांनी पुस्तक हातात घेतलं, सवयीने उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "कुठं हाय इंग्लंड?"

मी यादीतलं नाव दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "ऱ्हाऊ द्या की सर. पुस्तकात आत हाय तर हाय. तुमचं काय जातंय?"

मोंढ्यातला इंग्लंडचा एवढा मोठा वकील, आणि हे म्हणत होता.  मग ते खाटेच्या कडेला बसले आणि विचारलं, "त्यांनी निघायची नोटीस दिली न्हवं? ती मागं घेता येती का?"

योगायोगाने मी ते नुकतंच वाचलं होतं. "येते आप्पा. युरोपच्या न्यायालयानं सांगितलंय. निघण्याआधी कधीही मागे घेता येते. कुणाची परवानगी लागत नाही."

"कुनाला न इचारता?"

"कुणाला न विचारता."

त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. "आन् बाकीचे काय म्हनतेत? हासतेत का?"

"ते न्यायालयानं सांगितलेलं नाही."

"त्येच तर," असं म्हणून ते उतरून गेले.

त्याच थंडीत आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. विषय मीच सुचवला होता: इंग्लंडने संघ सोडणे योग्य की अयोग्य. सगळी मुलं 'अयोग्य'च्या बाजूला. 'योग्य'च्या बाजूने बोलायला कुणी तयार होईना, म्हणून मी आप्पांना पाहुणे वक्ते म्हणून नेलं. धुतलेलं धोतर, नवी टोपी. माइक हातात घेऊन आधी शिंकले. मग असे बोलले की मुलांनी हॉल डोक्यावर घेतला. केळ सांगितलं, रंग सांगितला, थोरल्याचा तोरा सांगितला. "मानूस उपाशी ऱ्हाईल," ते म्हणाले, "पर 'तुला काय इचारायचं' हे चारचौघांत ऐकून घेनार न्हाई." टाळ्या थांबेनात.

मग बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली. निलंग्याकडची, शांत बोलणारी. म्हणाली, "आप्पा, तुमचं सगळं मान्य. पण त्या घरात त्याला विचारत नव्हते, हे खरं. आता वायल्या घरात त्याला कोण विचारतंय?"

आप्पांनी माइक तोंडाजवळ नेला. मला वाटलं, पोत्याला भोक आहे म्हणतील. पण त्यांनी माइक माझ्याकडे दिला आणि खाली बसले. येताना वाटेत एवढंच म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तिला पहिला नंबर द्या."

खाजाभाईंना मी हे सांगितलं. ते हात पुसत म्हणाले, "सर, ज्याला जायाचं त्यो जातो. इतकी वर्सं दारात उभा ऱ्हाऊन चपला शोधतो ना, त्याला जायाचं नसतंय." मग पुन्हा गाडीखाली सरकत, "आप्पाला नका सांगू मी बोललो. युरोपचा माणूस समजतो मला."

जानेवारीच्या शेवटी दोन गोष्टी एकदम झाल्या.

एक म्हणजे इंग्लंडची तारीख येऊन ठेपली. आता पुढे ढकलणं नव्हतं. दुसरी म्हणजे एके दुपारी वायरमन आला आणि आण्णांच्या बाजूला खांबावर चढला. आण्णांनी वेगळं मीटर घेतलं होतं. बोरची मोटर आता त्यांच्याच बटणावर चालणार होती. यात भांडण काहीच नव्हतं. वय झालं, सकाळी थंडीत लहान भावाला ताटकळत ठेवायला नको, असं जाऊबाईंनी भिंतीवरून काकूंना सांगितलं. पाणी पूर्वीसारखंच दोन्ही टाक्यांत येणार होतं. फक्त आमच्या बटणाचं काम संपलं होतं.

आप्पा त्या दिवशी दुकानातून लवकर आले. खांबावरची नवी काळी वायर कुठून कुठे गेली आहे हे त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभं राहून बघितलं. हॉटेलात गेले नाहीत. खाजाभाईंनी निरोप पाठवला की युरोप वाट बघून राहिलंय, तरी गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून खाली उतरलो. आप्पा नेहमीच्या जागी, बटणाशेजारच्या पायरीवर, मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनी विचारलंच.

"सर, इंग्लंड निघालं का?"

पहिल्यांदाच उत्तर वेगळं होतं. सांगायला जड गेलं. "हो आप्पा. आज पहाटे निघालं."

"निघालं?"

"निघालं."

"कागुद, सह्या, समदं?"

"सगळं."

त्यांनी मफलर कानांवर ओढला. काकूंनी चहा आणून दिला, तो प्यायले. थोड्या वेळाने टाकीत पाणी पडायचा आवाज सुरू झाला. ठोका नाही, बटण नाही, आपोआप. काकू म्हणाल्या, "पानी आलं की."

"आलं."

"मंग अजून काय पायजे? उठा."

आप्पा उठले नाहीत. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आत गेल्या आणि न विचारता आणखी एक कप आणून ठेवला. तोही ते प्यायले. टाकी भरली, पाणी थांबलं. भिंतीपलीकडे आण्णा खाकरले, त्यांच्या वहाणा फरशीवर वाजल्या. ते आत निघाले असावेत.

तेव्हा आप्पा उठले. पायरीखाली हात घालून त्यांनी काहीतरी शोधलं. दाभण निघालं, सुतळी निघाली, मग एक गंजका पाना सापडला. ते पाइपापाशी उकिडवे बसले, एकदा शिंकले आणि पाइपवर दोन ठोके दिले.

टण, टण.

पलीकडच्या वहाणा थांबल्या. काकू स्वयंपाकघराच्या दारात हातात पीठ घेऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, आण्णा आत गेले. मग भिंतीपलीकडून, अगदी जवळून, म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज आला. मी त्या घरात इतकी वर्षं राहिलो, पण तो आवाज भिंतीच्या या बाजूशी बोलताना कधी ऐकला नव्हता.

"काय रं?"

आप्पांच्या हातात पाना तसाच.  त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. शेवटी त्यांनी भिंतीला तोंड लावल्यासारखं केलं.

"काय न्हाई आण्णा. इंग्लंड निघालं म्हनं."

 मग आण्णा म्हणाले, "निघू दे. तू च्या पिलास का?"

दोन रिकामे कप पायरीवर शेजारी शेजारी पडलेले मी बघत होतो. काकूही बघत होत्या.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "अजून न्हाई."